पैठणचा किनारा

मराठवाड्याला समुद्र नाहीं. कोंकणांतील मुलाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाहीं. आमच्याकडील मुलाला ती फळ्यावर चंद्र-सूर्य काढून समजावून द्यावी लागते. आमच्या वांट्यास आली ती नदी, आणि तीहि उन्हाळ्यांत डोहाडोहांतून उरणारी. असें असूनहि छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरांवर पैठणला जावें, धरणाच्या वरच्या अंगास उभें राहावें, तों पलीकडचा कांठ नजरेस पडत नाहीं. वारा सुटला म्हणजे लाटा दगडी बांधावर आपटतात, आणि हिवाळ्यांत या पाण्याच्या कडेकडेनें हजारों कोसांवरून आलेलीं पांखरें चरतांना दिसतात. लोकांनीं या जलाशयाला नांव दिलें तेंहि सागराचेंच. त्यास नाथसागर म्हणतात.

या किनाऱ्यानें पायीं हिंडावयास व पांखरें पाहावयास शहरांतून पुष्कळ मंडळी दरवर्षीं जातात. त्यांच्यासाठीं आजचें हें भाषण आहे. पांखरांची नुसती यादी सांगण्याचा माझा हेतु नाहीं. ज्या जमिनीवरून आपण चालणार तिचा इतिहास काय, आणि तो ठाऊक असलेल्या माणसानें तेथें कोणत्या बुद्धीनें जावें, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

पैठणचा समुद्राशीं संबंध तसा फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नांवाच्या एका सागरी प्रवासवर्णनांत पैठणचा उल्लेख सांपडतो. भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर हें नगर आहे, आणि तेथून अकीकाचे दगड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखांतून, भडोचला नेण्यांत येतात, असें त्यांत नमूद केलें आहे. दुसऱ्या शतकांतील टॉलेमी या भूगोलकारानें तर पुळुमावि या सातवाहन राजाची राजधानी म्हणून पैठणचें नांव घेतलें आहे. ‘गाथासप्तशती’ हा प्राकृत गाथांचा संग्रह ज्या हाल राजाच्या नांवावर आहे तो याच कुळांतला. पुढें महानुभावांच्या ग्रंथांत पैठण आलें. आणि सोळाव्या शतकांत एकनाथमहाराजांनीं येथें जन्म घेऊन, येथेंच संसार व परमार्थ करून, १५९९ सालीं गोदावरींतच देह ठेवला. सारांश, प्राचीन काळीं पैठणचा माल समुद्राकडे जात असे. समुद्रासारखें पाणी पैठणच्या दारीं यावयास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें.

तें पाणी कसें आलें, हें आतां पाहूं. गोदावरीला आमच्या भागांतील माणूस ‘गंगा’ म्हणतो, आणि तिच्या कांठच्या मुलखास ‘गंगथडी’. गंगथडीची जमीन काळीभोर व कसदार. परंतु पाऊस बेभरंवशाचा. म्हणून नदी अडवावी, हा विचार हैदराबाद संस्थानच्या काळापासूनचा आहे. त्या वेळीं धरणाची जागा योजिली होती ती बीड जिल्ह्यांतील जायकवाडी या गांवाजवळ. पुढें १९४८ सालीं संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि या घडामोडींत धरणाची जागा नदीच्या बरीच वर, पैठणजवळ, नक्की झाली. जागा बदलली तरी नांव जुनेंच राहिलें. म्हणून पैठणच्या धरणाला आजहि ‘जायकवाडी’ म्हणतात, आणि नवख्या प्रवाशास तें नांवाचें गांव धरणाजवळ शोधूनहि सांपडत नाहीं.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजीं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें या धरणाची कोनशिला बसविण्यांत आली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंतच शास्त्रीजी ताश्कंद येथें निवर्तले. काम दहा वर्षें चाललें, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं धरणाचें उद्घाटन केलें. मातीचा हा बांध सुमारें १० किलोमीटर लांब व ४१ मीटर उंच असून त्यास २७ दरवाजे आहेत. त्यामागें तुंबणारें पाणी पूर्ण भरतीच्या वेळीं २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारें १०२ अब्ज घनफूट होतें. जलाशय ५५ किलोमीटर लांब, आणि रुंदींत कोठें कोठें २७ किलोमीटरांपर्यंत पसरलेला. त्याची एक बाजू आमच्या जिल्ह्यांत, तर दुसरी अहिल्यानगर जिल्ह्यांतील शेवगांव-नेवासें भागांत येते. डावा कालवा २०८ किलोमीटर व उजवा १३२ किलोमीटर. जालना, परभणी, बीड या बाजूंची शेतें या पाण्यानें भिजलीं. मलिक अंबरनें सतराव्या शतकांत खणविलेल्या नहरींवर ज्या शहराची तहान एके काळीं भागत असे, तें आमचें शहर आज नाथसागराचें पाणी पितें.

आतां या चित्राची दुसरी बाजू. धरणाच्या पाण्याखालीं सुमारें ३५ हजार हेक्टर जमीन आणि शंभराहून अधिक गांवें गेलीं. गंगथडीच्या गांवांचा अर्थ श्रोत्यांनीं नीट ध्यानांत घ्यावा. नदीकांठची गाळाची जमीन, घाट, देवळें, पार, विहिरी, आमराया, पिढ्यान् पिढ्यांचीं स्मशानें, हें सर्व त्यांत आलें. धरणासाठीं गांवें उठविण्याचा प्रश्न महाराष्ट्रास नवा नव्हता. १९२१ सालींच मुळशीच्या मावळ्यांनीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं त्यासाठीं सत्याग्रह केला होता. तरीहि प्रकल्पामुळें विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाचा पहिला स्वतंत्र कायदा महाराष्ट्रांत झाला तो १९७६ सालीं. धरणाचें उद्घाटन ज्या वर्षीं झालें तेंच हें वर्ष. म्हणजे कायदा आला तेव्हां गंगथडीचीं बहुतेक गांवें उठलेलीं होतीं. माणसें वर माळावर नव्या वसाहतींत गेलीं. गांवाच्या नांवामागें ‘नवें’ हा शब्द लागला. काळ्या जमिनीच्या जागीं पुष्कळांच्या वांट्यास मुरमाड जमीन आली, कांहींच्या वांट्यास नुसते रोख पैसे आले व ते खर्च होऊन गेले.

१९८० नंतरच्या वर्षांत माझ्या वर्गांत अशा वसाहतींतील मुलें असत. एकदां भूगोलाच्या तासाला मीं एका मुलाला म्हटलें, “अरे, जिल्ह्याच्या नकाशावर तुझें गांव दाखव बघूं.” त्यानें बोट ठेवलें तें जलाशयाच्या निळ्या रंगावर. वर्ग हंसला. मुलगा मात्र शांतपणें म्हणाला, “गुरुजी, आमचं गाव हितंच हाय. पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो.” त्याचा जन्म नव्या वसाहतींतला, जुनें गांव त्यानें कधीं पाहिलेलें नव्हतें. त्या दिवसानंतर वर्गांतील नकाशाच्या निळ्या भागांत, मुलांच्या घरच्या वडील मंडळींकडून विचारून, जुन्या गांवांचीं नांवें पेन्सिलीनें लिहून ठेवण्याचा परिपाठ मीं सुरू केला. सरकारी नकाशा चुकीचा होता असें नव्हे. पण तो अर्धाच होता.

माणसें गेलीं त्या जागीं पांखरें आलीं. हें कसें घडलें, तें समजून घेण्यासारखें आहे. डोंगरांच्या घळींत बांधलेल्या धरणाचें पाणी खोल असतें व त्याचे कांठ उभे असतात. अशा ठिकाणीं पाणपक्ष्यांस चरावयास फारसें मिळत नाहीं. पैठणचा प्रदेश सपाट आहे. येथें पाणी परातींत ओतल्यासारखें पसरतें. पावसाळ्याअखेर जलाशय भरतो, आणि दिवाळीनंतर कालवे सुटूं लागले म्हणजे पाणी हळूहळू मागें सरतें. एक हात पाणी उतरलें तरी मैलभर चिखल उघडा पडतो. त्या चिखलांत शेवाळ, पाणवनस्पति, गोगलगाई, किड्यांच्या अळ्या व लहान मासळी यांचा सुकाळ असतो. समुद्राची ओहोटी दिवसांतून दोनदां होते; नाथसागराची ओहोटी आठ महिने चालते. उत्तरेकडील देश बर्फानें झांकले जाण्याच्या वेळीं आमच्याकडे हें ताट वाढलें जातें, आणि पांखरें तें हेरतात.

ती जेवणावळ पाहण्यासारखी असते. ज्याची चोंच जशी, त्याची पंगत तशी. अगदीं कडेला, ओल्या मातीवर, शेपटी हालवीत धोबी फिरतो. घोट्याएवढ्या पाण्यांत लांब तांबड्या पायांचा शेकाट्या. त्याच्या पुढें चमच्यासारखी चोंच पाण्यांत डावी-उजवी फिरवीत चालणारा चमचा. शिंपले-गोगलगाई फोडणारा मुग्धबलाक. पिसांवर गुलाबी झांक असलेला चित्रबलाक. खोल पाण्यावर बदकांचे तांडे दिसतात, त्यांत फावड्यासारख्या चोंचीचा थापट्या आणि टोंकदार शेपटीचें तलवार बदक हीं प्रथम ओळखावींत. काळ्या अंगाचा व कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पाणपक्षी येथें शेंकड्यांनीं दिसतो. मराठींत त्याचें नांव ‘वारकरी’ असें आहे. नाथांच्या गांवीं वारकऱ्यांची दिंडी पाण्यावरहि असावी, हें मोठें शोभतें.

कांहीं पाहुण्यांचा प्रवास ऐकून मन थक्क होतें. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तिबेट, मंगोलिया, लडाख या उंच प्रदेशांत घरटीं करतो आणि हिमालय ओलांडून आमच्याकडे येतो. ७ हजार मीटरांहून अधिक उंचीवरून उडतांना त्याची नोंद झालेली आहे. संस्कृत कवींचा आवडता चक्रवाक, ज्याला आपण ब्राह्मणी बदक म्हणतों, तोहि लडाख व मध्य आशियाकडील. कच्छच्या रणांत मातीचीं घरटीं करणारे रोहित पक्षी वांकडी चोंच उलटी धरून चिखल गाळतांना दिसले, तर ती यात्रा सफळ झाली असें समजावें. कांड्या करकोचे कापणी झालेल्या शेतांत दाणे टिपतात व रात्रीं पाण्याच्या आश्रयास येतात.

विद्वानांचें लक्ष आमच्या मुलखाकडे यापूर्वींहि गेलेलें होतें. डॉ. सलीम अली यांनीं १९३१-३२ सालीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली, आणि आमचा जिल्हा त्या वेळीं त्याच संस्थानांत होता. शहरांतील दिल्ली दरवाज्यानजीकच्या जुन्या खिजरी तलावाला आज त्यांचें नांव आहे. त्यांच्या त्या पाहणीच्या काळीं नाथसागर नव्हता. गांवतळीं आणि नदीचे डोह एवढाच पाणपक्ष्यांना आधार. धरण झाल्यावर दहाच वर्षांनीं, १९८६ सालीं, सरकारनें सुमारें ३४१ चौरस किलोमीटरांचा हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केला. येथें सुमारें दोनशें जातींचे पक्षी नोंदले गेले असून त्यांपैकीं सत्तरांच्या आसपास पाहुणे आहेत. माणसानें बांधलेल्या पाण्यावर निसर्गानें असा हक्क सांगितल्याचीं उदाहरणें इतरत्रहि आहेत. भरतपूरचें केवलादेव, जें १९८५ सालीं जागतिक वारसा ठरलें, तें बांध घालून तयार झालेलें. आणि याच गोदावरीवरील नांदूर मधमेश्वर, जें जानेवारी २०२० मध्यें महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ झालें, तेंहि एका बंधाऱ्याचेंच अपत्य.

येथें एक प्रश्न सरळ विचारला पाहिजे. ज्या जमिनीवरून माणसांना उठविलें, तीच जमीन पांखरांसाठीं राखून ठेवणें न्यायाचें आहे काय? वसाहतींतील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून हा प्रश्न मीं ऐकलेला आहे. “पाखराला अभय, आमाला उठाव,” असें एका वृद्धानें मला सुनावलें होतें. त्याच्या दुःखाला उत्तर नाहीं. परंतु हिशेब मांडतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. गांवें पांखरांसाठीं उठलीं नाहींत. तीं उठलीं कालव्यांसाठीं, वीज व कारखान्यांसाठीं, आणि तुमच्या-आमच्या घरांतील नळासाठीं. पांखरें मागाहून आलीं आणि कोणाचें कांहीं न काढतां राहिलीं. तेव्हां गंगथडीच्या माणसाचा खरा ऋणको पट्टकादंब हंस नव्हे. नळ सोडणारा शहरांतला गृहस्थ आहे.

शिवाय ज्यांची पोटें आज या पाण्यावर आहेत त्यांचें व पांखरांचें भवितव्य पुष्कळसें एकत्र बांधलें गेलें आहे. भोई, कहार इत्यादि समाजांचे शेंकडों मच्छीमार या जलाशयांत जाळीं टाकतात. पाणी ओसरलें कीं उघड्या पडलेल्या जमिनींत गहूं-हरभरा पेरतात. त्यास गाळपेर म्हणतात. गाळपेरीवर हंस-करकोचे उतरले तर पीक जातें, आणि माणसें फार पुढें सरलीं तर पांखरांची चराई जाते. हा झगडा खरा आहे. पण २०१६ च्या उन्हाळ्यांत जलाशयाचा उपयुक्त सांठा संपला तेव्हां मासळी गेली, गाळपेर गेली आणि पांखरांचा चाराहि गेला. अलीकडे जलाशयाच्या पृष्ठभागावर तरत्या पट्ट्या बसवून सूर्यप्रकाशापासून वीज तयार करण्याची योजना निघाली. पैठणच्या कहार समाजाच्या संस्थेनें तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे व नंतर सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. २०२५ सालीं तेथेंहि ती मान्य झाली नाहीं. विजेची गरज कोणी नाकारीत नाहीं. तथापि उघडें पाणी हें मोकळें पडलेलें शेत आहे, त्यावर कोणाचा उदरनिर्वाह नाहीं, असें समजून जर एकेक योजना येत गेली, तर मच्छीमार व पांखरूं या दोघांनाहि एकाच वेळीं स्थलांतर करावें लागेल. पांखरास पंख आहेत. माणसाला एकदां उठविलें, त्यालाच पुन्हा उठविणें हें कोणत्या नीतींत बसतें?

म्हणून या किनाऱ्यावर जाणारांना माझें कांहीं सांगणें आहे. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. फाल्गुन वद्य षष्ठीस नाथषष्ठीची यात्रा भरते. तिच्या आगेमागें परदेशचीं पांखरें उत्तरेकडे वळूं लागतात. आदल्या रात्रीं पैठणास मुक्काम करावा, आणि उजाडण्यापूर्वीं पिंपळवाडी किंवा सोनेवाडीच्या बाजूनें कांठ धरावा. सूर्य पाठीशीं राहील अशी दिशा घ्यावी. कपडे मातकट रंगाचे, हातांत दुर्बीण, पायांत चिखलाला सोसतील अशीं पादत्राणें. वरून कोरडा दिसणारा गाळ आंतून भुसभुशीत असतो; वाट स्थानिक माणसाला विचारल्यावांचून त्यांत पाऊल टाकूं नये. होडी करावयाची तर तेथल्याच मच्छीमाराची करावी व त्याला योग्य मोल द्यावें. पण थवा उडालेला पाहण्याच्या हौसेनें होडी थव्यांत घालावयास त्याला भाग पाडूं नये. हिमालय ओलांडून आलेल्या जिवाला प्रत्येक उड्डाणाची किंमत पोटांतल्या अन्नानें मोजावी लागते. गाळपेरींतून चालतांना रोपें तुडवूं नयेत. त्या मातीवरचा हक्क गमावलेल्या माणसाचें तें उरलेंसुरलें पीक असूं शकेल.

आणि मुलें बरोबर असतील तर त्यांना पांखरांच्या नांवांबरोबर दोन-चार गांवांचींहि नांवें सांगावींत. एखाद्या मच्छीमाराला विचारलें तर तो जाळें आवरतां आवरतां बोट करून सांगतो: येथें अमक्या गांवाची वेस होती, येथें बाजार भरे, येथें मारुतीचें देऊळ. तें ऐकून मग दुर्बीण डोळ्यांस लावावी. पाण्यावरील पांखरूं त्यामुळें कमी सुंदर दिसत नाहीं. उलट, एवढें मोल देऊन जें पाणी आपण मिळविलें, तें गढूळ करण्याचा, वाटेल तसें उधळण्याचा किंवा रितें करण्याचा अधिकार आपल्याला नाहीं, ही जाणीव मुलाच्या मनांत रुजते; आणि घरीं परतल्यावर वाहता नळ बंद करावयास तें मूल आपण होऊन उठतें. पक्षिनिरीक्षणाच्या सहलीपासून याहून अधिक शिक्षणाची अपेक्षा मीं तरी कधीं केली नाहीं.